सेरेनाचंही ऐकलं नाही!

गलेलठ्ठ पॅकेज, तगडा मेडिक्लेम, नामांकित हॉस्पिटल. एवढं असल्यावर डिलिव्हरीचं टेन्शन कशाला, असं मलाही वाटायचं. सेरेना विल्यम्सचा किस्सा वाचला आणि हवाच गेली.

सप्टेंबर २०१७. अमेरिकेत तिचं सिझेरियन झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाप लागली. २०११ मध्ये तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे दुखणं तिनं लगेच ओळखलं. सीटी स्कॅन करा, हेपॅरिन लावा, असं तिनं स्वतःच सांगितलं. नर्सला वाटलं, पेनकिलरमुळे बाई बरळतेय! आधी पायांची सोनोग्राफी, मग कुठे सीटी. गुठळ्या होत्याच.

ती सेरेना होती, हट्टाला पेटली. बाकीच्यांचं काय? २०२३ मध्ये तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गोऱ्यांमध्ये १४.५, कृष्णवर्णीयांमध्ये ५०.३. गरिबी, विमा नसणं ही कारणं आहेतच. पण २००७ ते २०१६ ची सरकारी आकडेवारी बघा: ग्रॅज्युएट कृष्णवर्णीय बायकांमध्ये गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण, हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांच्या १.६ पट! आणि मास कॉमला असताना आम्ही ‘शिक्षण हेच उत्तर’ म्हणून पानंच्या पानं भरायचो.