नाराजीचे इंग्रजी शब्द

नाराज होण्यासाठी माणसाला कोणतीही भाषा शिकावी लागत नाही. ती नाराजी साहेबाच्या टेबलावर मांडायची झाली, की मात्र भाषा लागते. आमच्या धारणीत कोरकू, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत भांडण करता येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि राज्याच्या कारभारात मराठीला स्थान मिळाले. तरीही उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, कंपन्यांची व विमावाल्यांची पत्रे इंग्रजीत येतात, आणि कायद्याच्या मराठी शब्दामागे पुष्कळदा इंग्रजी शब्दच उभा असतो. म्हणून हे शब्द ओळखून घेणे हे साहेबी मिरवणे नव्हे, ती गरज आहे.

आम्ही इंग्रजी शिकलो ते मालकांची उत्तरे वाचून. त्या वाचनात एक गोष्ट ध्यानात आली. आपण ज्या सर्वांना सरसकट ‘तक्रार’ म्हणतो, त्यांना इंग्रजीत पाचसहा निरनिराळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द म्हणजे वेगळ्या दारावरची पाटी आहे. दार चुकले की खरे गाऱ्हाणेही बाहेरच राहते.

पहिला शब्द ‘कम्प्लेंट’. ज्या लॅटिन धातूपासून तो आला, त्याचा अर्थ छाती पिटून आक्रोश करणे असा. आपला ‘तक्रार’ शब्द अरबीतला. तिथे त्याचा अर्थ पुन्हापुन्हा म्हणणे. पण कायद्याला आक्रोशही नको आणि पुनरुक्तीही नको. कोणी, कोणत्या तारखेला, काय केले, एवढेच त्याला हवे असते. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला. त्यात ‘कम्प्लेंट’ हाच शब्द आहे, आणि ती घटनेपासून ९० दिवसांत दाखल करावी, असे बंधन घातले आहे. तारीख नसलेली कम्प्लेंट म्हणजे नुसती कुरकुर.

‘ग्रिव्हन्स’ याहून खोल. लॅटिनमधील ‘जड’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला. कम्प्लेंट हा कागद असतो, ग्रिव्हन्स हे मनावरचे ओझे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ग्रिव्हन्स समिती हवी, आणि तीत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी सारखे हवेत. याच घराण्यातला ‘अॅग्रीव्हड’ हा शब्द मेळघाटाने तर पाठच करावा. वनहक्क कायदा, २००६ म्हणतो, की ग्रामसभेच्या ठरावाने जो ‘अॅग्रीव्हड’ झाला, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागावी. तिथल्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जाण्यासही तेवढीच मुदत आहे. ज्याने दावा फेटाळल्याचे दुःख वर्षभर पारावर सांगितले, तो दुःखी खरा. पण त्याची मुदत गेली.

‘ऑब्जेक्शन’ म्हणजे वाटेत आडवे टाकणे. ते गोष्ट पक्की होण्यापूर्वी घ्यायचे असते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते ती याचसाठी. नोंद प्रमाणित झाल्यावर हरकत उरत नाही. मग ‘अपील’ करावे लागते, आणि तो रस्ता लांबचा.

‘प्रोटेस्ट’ म्हटले की लोकांना मोर्चा आठवतो. मुळात त्याचा अर्थ चारचौघांत साक्ष देणे असा आहे, आणि हाच अर्थ खिशाला लागतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात असे होते, की मोबदला कमी वाटला तरी तो ‘अंडर प्रोटेस्ट’ घेता येई. पण ज्याने निषेध न नोंदवता रक्कम उचलली, त्याला वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे प्रकरण पाठवा, असा अर्ज करण्याचा हक्क राहत नसे. दोन शब्द न लिहिल्यामुळे हक्क जावा, ही गोष्ट लहान नव्हे. आजही कमी पैसे हाती पडले आणि ते घेतल्यावाचून गत्यंतर नसले, तर सहीजवळ ‘निषेध नोंदवून स्वीकारले’ असे लिहावे.

राहिला ‘डिमांड’. वरचे सारे शब्द काय नको ते सांगतात; हा शब्द काय हवे ते सांगतो. मागणी मालकापुढे ठेवली आणि त्याने ती नाकारली, की साधारणपणे ‘डिस्प्यूट’ उभा राहतो. याचे उत्तम उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेतून त्यांनी जे निवेदन तयार केले, त्याला त्या काळी ‘मेमोरियल’ म्हणत; त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. त्यात रडगाणे नव्हते, मोजक्या मागण्या होत्या : आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला भरपाई. तरीही कागदाने एकट्याने काम केले नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये हजारो कामगारांची सभा भरली, तीत स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. शब्द नेमका होता आणि त्यामागे माणसे उभी होती.

समोरून येणाऱ्या शब्दांचीही पारख हवी. ‘नोटेड’ म्हणजे वाचले; मान्य केले असे नव्हे. ‘रिग्रेट’ म्हणजे वाईट वाटले. चूक कबूल केली असे नव्हे. ‘अंडर कन्सिडरेशन’ म्हणजे विचार चालू आहे, आणि तो केव्हा संपेल हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. ज्यावर ‘रिड्रेस्ड’, म्हणजे निवारण झाले, असे लिहून आले आणि प्रत्यक्षात तसे घडले, तेच खरे उत्तर.

अर्ज मराठीतच करावा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी चार गोष्टी स्वतःला विचाराव्या : गोष्ट घडायची आहे की घडून गेली? ती एकट्याची आहे की सर्वांची? मुदत किती? आणि आपल्याला नेमके काय हवे? या चारांची उत्तरे मिळाली, की कोणते दार ठोठवायचे ते कळते. दिलेल्या अर्जाची तारीखवार पोच मात्र विसरू नये; मुदतीच्या कामी दरबारात साक्ष देतो तो पोचेवरचा शिक्काच.