शिंगरू घर सोडतं तेव्हा

मोकाट घोड्यांच्या कळपातून दोन-तीन वर्षांचा तरणा नर एके दिवशी बाहेर पडतो आणि परतत नाही. बापाने पोराला हाकललं, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्गची दलदल आहे. तिथल्या तूर द्यू व्हाला या संशोधन केंद्राने १९७४ साली स्थानिक पांढऱ्या घोड्यांचा लहानसा कळप मोकळा सोडला. पुढे कित्येक वर्षं माणसाने त्यात ढवळाढवळ केली नाही, फक्त पाहिलं.

एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं, असं मोकाट घोड्यांचं कुटुंब असतं. नर जवळ आला की शिंगरू मान पुढे काढतं, ओठ मागे ओढतं आणि जबड्याची भराभर उघडझाप करतं. मी लहान आहे, मारू नका, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण तेच पोर वयात येऊन घोड्यांभोवती घुटमळू लागलं, की नर कान पाडून अंगावर धावतो. काही जण असे बाहेर पडतात, हे खरंच.

पुष्कळ जण मात्र कुठल्याही भांडणाशिवाय जातात. आईला नवं शिंगरू झालेलं असतं, चारा आखडलेला असतो किंवा कळपात बरोबरीचं कोणीच नसतं. मला हे शेवटचं कारण फार मोलाचं वाटतं. वाढत्या घोड्याला झोंबायला जोडीदार लागतो आणि तो सड्या नरांच्या टोळीत मिळतो. ही टोळी म्हणजे तालीमच. गुडघ्याला चावायचं, मानेला मान भिडवायची, मागच्या पायांवर उभं राहून रेटायचं. इजा क्वचितच होते.

तरण्या घोड्याही जन्मकळप सोडतात, पण त्या बहुधा दुसऱ्या कुटुंबात सामील होतात. त्यामुळे सख्ख्या नात्यातली पैदास टळते. हा झाला परिणाम. निघणाऱ्या पोराच्या मनात तो नसतो.

नरात स्वतःच्या घोड्या राखण्याची ताकद साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी येते. काहींना ते कधीच जमत नाही. कामार्गमध्ये संशोधक क्लॉडिया फे यांनी पाहिलं, की काही नर जोडीने एकच कळप सांभाळतात. परक्या नरांना अडवण्याचं काम मुख्यतः जोडीतला दुय्यम घोडा करतो आणि कळपातली काही शिंगरं त्याचीही असतात.