वानेरा, बालांक्या, शेवरा

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल पारखणारा शेतकरी रंग बघतो, दात बघतो, वशिंडावर हात फिरवतो. अंग पांढरे आणि तोंड काळे, तो वानेरा. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके, तो शेवरा. बालांक्या पांढरा, ठिपके असलेच तर अंगाच्या खालच्या बाजूला. लातूर जिल्ह्यातल्या देवणी गोवंशाचे हे तीन प्रकार, आणि शास्त्रज्ञांनीही ही नावे आहेत तशीच स्वीकारली. सजीवांचा अभ्यास असाच सुरू होतो: नीट बघायचे, फरक टिपायचा, नाव द्यायचे.

पण नजर फसते.

म्हणून पुढची पायरी मोजमापाची. खांद्यापर्यंतची उंची, छातीचा घेर, अंगाची लांबी टेपने मोजतात, तीही एका गायीची नव्हे, गावोगावच्या अनेक गायींची. दुधाचे प्रकरण त्याहून अवघड. एकीला पेंड आणि हिरवा चारा मिळतो, दुसरी उन्हाळाभर कोरड्या कडब्यावर. पहिलीने जास्त दूध दिले तर ते वंशाचे की वैरणीचे? याचे उत्तर काढायला एकाच वळूच्या अनेक मुली वेगवेगळ्या गोठ्यांत किती दूध देतात ते बघतात आणि त्याच गोठ्यांतल्या इतर गायींशी तुलना करतात. गोठे बदलूनही त्या सरस ठरल्या, तर श्रेय वळूकडे जाते. मजा अशी, की ज्याच्या दुधाळपणाची ही परीक्षा, तो स्वतः थेंबभर दूध देत नाही!

रक्ताचा नमुना याहून खोलातले सांगतो. गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या 30 जोड्या असतात, माणसाच्या 23. डीएनएत काही ठिकाणी तीच दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात, ते जनावरागणिक बदलते. अशा अनेक जागा तपासल्या की दोन कळप एकमेकांच्या किती जवळचे, याचा अंदाज येतो. वशिंडाच्या बैलाचे वाय गुणसूत्र तर सूक्ष्मदर्शकाखालीही युरोपीय बैलाच्या वायपेक्षा वेगळे दिसते. वाय बापाकडून मुलाकडे जाते. त्यामुळे देशी दिसणाऱ्या वळूचा बाप, आजा, पणजा या सरळ रांगेत विदेशी बैल असेल, तर तो इथे सापडतो. आईकडची भेसळ मात्र या चाचणीत सुटते. तिला दुसरी चाचणी लागते. 1994 साली आईकडून येणाऱ्या डीएनएवरून असे दिसले, की भारतीय आणि युरोपीय गुरे माणसाळण्याच्या कितीतरी आधी वेगळी झालेली होती, म्हणजे ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळली.

वंशांतला फरक बघायला इतके दूरही जायला नको: शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारची लाल कंधारी गाय आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देवणी आणि लाल कंधारी या दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंदल्या आहेत.

लातूर शहरात जीवशास्त्राला तोटा नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतल्या 720 पैकी 360 गुण याच विषयाचे, आणि त्यासाठी बाहेरगावची मुले इथे खोल्या घेऊन राहतात. आनुवंशिकता त्यांना तोंडपाठ असते. पण टेप हातात घेऊन गाय मोजलेली मुले त्यांत थोडीच असतील. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, देवणी गाव तिथून जवळच. क्लासेसनी वर्षातला एक रविवार चाचणी परीक्षेऐवजी तिकडच्या गोठ्याला द्यावा.