पलटी नांगर : माती कोणत्या बाजूस टाकावी?

पलटी नांगर हें नांव आतां आपल्याकडील बहुतेक खेड्यांतून परिचित झालें आहे. तथापि तो कां घ्यावयाचा, असें कोणा बागाईतदारास विचारलें असतां "जमीन खोल निघते" इतकेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर अपुरें आहे. खोल नांगरण्याचें काम साधा फाळाचा नांगरही करूं शकतो. पलटी नांगराचा खरा गुण निराळा असून तो ध्यानांत न घेतल्यामुळें महागाचें औत घेऊनही पुष्कळांचें शेत होतें तसेंच राहतें. सबब त्याविषयीं अनुभवाचे चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम साध्या नांगराचें काम कसें चालतें तें पाहूं. त्याचा फाळ माती कापतो व फाळामागील वांकडा पंख ती उचलून उजव्या अंगास पालथी करितो. बाजू ही एकच. नांगर पूर्वेकडे जातांना माती दक्षिणेस पडते. टोंकास वळून तो पश्चिमेकडे निघाला कीं त्याचें उजवें अंग उत्तरेस येतें व माती उत्तरेस पडूं लागते. त्यामुळें आलेल्या वाटेला लागूनच परततां येत नाहीं. शेताचे पट्टे धरून त्यांभोवतीं फिरत नांगरावें लागतें. पट्ट्याच्या मध्यापासून आरंभ केला तर दोन्ही अंगांची माती मध्यें येऊन वरंबा उठतो. कडेपासून आरंभ केला तर माती कडांकडे जाऊन मध्यें उघडा चर राहतो.

हा चर क्षुल्लक वाटतो. म्हणून त्याचा हिशेब करून पाहावा. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारें २०८ फूट भरते. तितक्या लांबीचा, १४ इंच रुंद व ८ इंच खोल असा एकच चर धरला, तरी त्यांतील माती १६० घनफुटांवर, म्हणजे दीड ब्रासाहून अधिक होते. प्रत्यक्षांत दोन्ही अंगांचीं शेवटचीं ढेकळें दोहींकडे उलटत असल्यामुळें चर याहून रुंदच पडतो. दर वर्षीं त्याच वाटेनें ट्रॅक्टर फिरविला कीं तितकी माती मध्यांतून उठून कडेस जाऊन बसते. कोरडवाहू रानांत पावसाचें पाणी त्या चरानें धांवूं लागून ओघळ पडतो. बागाईतींत पाणी मध्यें सांचतें व कडेस पोंचत नाहीं. मग एकाच शेतांत मध्यला ऊस पिवळा व कडेचा खुरटा अशी स्थिति होते, आणि आपण दोष बेण्यास देतों.

पलटी नांगरांत फाळांचे दोन संच एकाच दांड्यावर पाठीला पाठ लावून बसविलेले असतात. एक संच माती उजवीकडे उलटवितो, दुसरा डावीकडे. शेताच्या टोंकास नांगर उचलावयाचा, तो उलटा करावयाचा, म्हणजे वरचा संच खालीं येतो, आणि मग आलेल्या वाटेला लागूनच परतावयाचें. ट्रॅक्टरचें तोंड फिरलें तरी माती त्याच अंगास पडते. पट्टे नकोत, मध्यला चर नाहीं, वरंबा नाहीं. टोंकास रिकामें फिरण्यांत जाणारें डिझेलही वांचतें.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांत केंट प्रांतीं फार पूर्वींपासून पंख बदलण्याचा नांगर होता. १८५८ सालीं तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचें ५०० पौंडांचें बक्षीस मिळविणाऱ्या जॉन फाउलर यांच्या वाफेच्या नांगरासही तराजूच्या दांडीप्रमाणें दोहों टोंकांस फाळ होते. बैलांच्या लोखंडी नांगरांतही आंकडी सोडून फाळ खालून दुसऱ्या अंगास फिरविण्याचा प्रकार आपल्या लोकांनीं वापरलेला आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांवास लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढतें असा समज असल्यामुळें पहिले थोडके नांगर खपण्यासही दोन वर्षें लागलीं, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आज उलट स्थिति आहे. औत पटकन् खपतें, पण तें समजून घेण्यास कोणास सवड नाहीं.

आतां प्रस्तुत लेखकावर गुदरलेला प्रसंग सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करितांना बांध कोरल्याचे तक्रारअर्ज मीं शेंकड्यांनीं हाताळले. सीमाचिन्हें राखण्याची जबाबदारी भूधारकाची आहे, असें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचा आधार देऊन मीं अनेकांस सुनावलेंही. नोकरी सुटल्यावर शेतीकडे पाहूं लागलों, तों शेजारच्या गृहस्थांनीं माझ्याच नांवें मोजणी मागविली. मोजणीदाराच्या खुणा पडल्या तेव्हां पूर्वेकडील बांध त्यांच्या हद्दींत कांहीं ठिकाणीं दीड हात शिरलेला निघाला. "भाऊसाहेब, जन्मभर लोकांचे बांध कागदावर राखलेत, आणि माझा मात्र खाल्लात!" असें ते चारचौघांत बोलले. मला उत्तर सुचेना. कारण मीं बांधास कुदळही लाविली नव्हती.

विचाराअंतीं कारण उमगलें तें असें. अनेक वर्षें भाडोत्री ट्रॅक्टर साध्या नांगरानें शेताच्या कडेनें फेरे घालीत असे व माती बाहेर टाकीत असे. बांध आंतल्या अंगानें फुगे. फुगलेला भाग पावसानें शेजाऱ्याच्या बाजूस ओसरे. पुढील सालीं ट्रॅक्टरवाला फुगवट्याची आंतली कड सरळ करून घेई. अशा रीतीनें बांध दरसाल बोटें-दोन बोटें पलीकडे सरकत गेला, आणि माझ्या शेताच्या मध्यें त्याच मानानें खळगा पडत गेला. मीं जागा सोडली, बांध मूळ खुणेवर घालून दिला व खर्चही सोसला. शेजाऱ्यांशीं बोलणें पूर्ववत् होण्यास मात्र दोन दिवाळ्या जाव्या लागल्या.

त्यानंतर मीं पलटी नांगर घेतला. पण तेवढ्यानें भागत नाहीं, हें येथें आग्रहानें सांगावयाचें आहे. पलटी नांगर माती नेहमीं नांगरलेल्या अंगास टाकतो. म्हणजे पूर्व बांधापासून आरंभ केला तर सर्व शेताची माती एक पाऊल पूर्वेस सरकते, पूर्व बांधाशीं उंचवटा व पश्चिम बांधाशीं उघडा चर राहतो. दरसाल पूर्वेकडूनच आरंभ होत राहिला तर साध्या नांगराचें दुखणें दुसऱ्या रूपानें मागें लागलेंच म्हणावयाचें. याकरितां सपाट जमिनींत एक साल पूर्वेकडून व पुढील साल पश्चिमेकडून आरंभ करावा. भाड्याचा ट्रॅक्टरवाला हें लक्षांत ठेवीत नाहीं; त्यास जिकडून रस्ता सोयीचा, तिकडून तो शिरतो. मालकानें वहींत नोंद ठेवावी व आरंभास स्वतः हजर राहावें. बांधालगत हातभर पट्टी सोडावी. पहिला फेरा उथळ घेऊन माती आंत टाकावी व परततांना तीच माती पूर्ण खोलीनें बांधाच्या अंगास उलटवावी, म्हणजे उंचवटा फारसा होत नाहीं. वळण्यासाठीं दोहों टोंकांस सोडलेली जागा शेवटीं आडवी नांगरतांना तेथेंही हाच पाळीचा नियम लागू करावा.

उताराच्या जमिनीचा न्याय वेगळा. तेथें नांगरट उतारास आडवी करावी, आरंभ वरच्या बांधापासून करावा व माती सदैव चढाच्या अंगास टाकावी. येथें पाळी बदलूं नये. पावसानें व औतानें माती खालीं येतच असते. ती दर नांगरटीस थोडी वर चढविली जाते, आणि शेवटचा चर खालच्या बांधाशीं, जेथें माती सांचलेली असते, तेथेंच पडतो. मात्र चढण फार असेल तर ढेकूळ वर उलटत नाहीं, परत घसरतें, आणि आडवा चालणारा ट्रॅक्टर कलंडण्याचें भय असतें. अशा जागीं हा नांगर नेऊं नये. हलक्या रानांत मुरूम वर येईल इतकें खोल जाऊं नये, व काळी जमीन ओली असतांना मुळींच नांगरूं नये. ओल्या मातीचीं ढेकळें वाळून दगड होतात आणि तळ दडपून घट्ट होतो.

खरेदीविषयीं. दोन फाळी पलटी नांगर चार फाळांचें वजन वाहतो, हें विसरूं नये. काळ्या जमिनींत त्यास ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असावा व पुढें वजनें लावावींत, नाहींतर नांगर उचलतांच पुढचीं चाकें हलकीं होऊन ट्रॅक्टर हातांत राहत नाहीं. दट्ट्यानें हातीं पलटावयाचा प्रकार स्वस्त व दुरुस्तीस सोपा असतो. तेलाच्या दाबानें पलटणारा सोयीचा खरा, पण त्याच्या नळ्यांसाठीं ट्रॅक्टरला स्वतंत्र जोड आहे कीं नाहीं तें अगोदर पाहावें. जुना घेणें असेल तर रंगावर भुलूं नये. मीं एका बाजारांत घेतलेला पहिला नांगर जातांना ९ इंच व येतांना ६ इंच जाई. पुष्कळ खटपट केली. शेवटीं एका फाळाचा पाय वांकलेला निघाला. हें ओळखण्यास सुतळी पुरते. नांगर सपाट जागीं टेकवून फाळाच्या टोंकापासून दांड्यापर्यंत व एका फाळापासून दुसऱ्या फाळापर्यंत सुतळीनें अंतर घ्यावें, मग नांगर उलटा करून तींच अंतरें दुसऱ्या संचाचीं घ्यावींत. फरक निघाला तर व्यवहार सोडावा. पलटण्याच्या आंसाची ढिलाई हातानें हलवून पाहावी.

वापरतांना ट्रॅक्टरच्या दोन्ही उचल-दांड्या सारख्या लांबीच्या व बाजूच्या सांखळ्या सारख्या ताणाच्या ठेवाव्यात. डाव्या-उजव्या कलाचे दोन निराळे स्क्रू नांगराच्या डोक्यावर असतात. कल तेथें जुळवावा, दांड्यांवर नव्हे. नांगरलेल्या रानांत दोन-दोन सऱ्यांच्या जोड्या उमटूं लागल्या तर पहिल्या फाळाची रुंदी किंवा एका अंगाचा कल चुकला आहे असें समजावें. खोली फाळाच्या रुंदीच्या दोनतृतीयांशापर्यंत ठेवावी. १२ इंची फाळास ८ इंच. त्यापुढें ढेकूळ पुरतें उलटत नाहीं, उभें राहतें, व हरळी मरण्याऐवजीं फुटते. पलटविण्याच्या वेळीं नांगराजवळ माणूस, विशेषतः पोरें, असूं नयेत. तीन-चारशें किलोंचें लोखंड क्षणांत फिरतें.

सरकारी अनुदान घेणें असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमतीचें पत्र हातीं आल्यावरच पावती करावी. आधीं खरेदी व मागून अर्ज अशीं प्रकरणें नामंजूर होतात. त्या वेळीं कारकुनाशीं भांडून उपयोग नसतो.