कट्टा सुटत नाही

तुमसरजवळच्या एका खेड्यातली ओसरी. रोवणीच्या दिवसांत मावशींना लकवा मारला, आता धानाची कापणी सुरू आहे. उजवा हात कोपरात वाकलेला, बोटं तळव्यात रुतलेली.

"मावशी, कोपर सरळ ठेवून हात समोर उचला," समोर पाटावर बसलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणते.

मावशी दात आवळतात. आधी खांदा कानाकडे चढतो, मग कोपर बाहेर निघतं, वाकतं आणि मूठ छातीशी येते. "उचलला ना जी!" सून हरखते. मुलगी पुन्हा करायला लावते. पुन्हा तेच. मघाशी जांभई आली तेव्हाही हात असाच आपोआप वर आला होता.

मूळच्या स्वीडनच्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी लकव्याच्या रुग्णांच्या हालचाली न्याहाळून सुधारणेच्या पायऱ्या मांडल्या; मुलगी त्याच तपासते आहे. त्यांचं पुस्तक १९७० सालचं. पहिल्या पायरीवर हात लुळा, दुसरीवर ताठरपणा शिरू लागतो, तिसरीवर तो कळसाला पोचतो. हात हलतो, पण सगळे सांधे एकदम. चौथीपासून ताठरपणा उतरतो, हात पाठीमागे नेता येतो. सहावीवर एकेक सांधा सुटा चालतो. सगळेच तिथवर पोचत नाहीत. हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगायला हवं, असं माझं मत.

"आता पाय. टाच न उचलता पाऊल खुर्चीखाली सरकवा." पाऊल थरथरत मागे जातं. पाय हाताच्या पुढे आहे.

मग ती सुपातला बिडीचा कट्टा मावशींच्या पंजात देते. मूठ घट्ट आवळते. "सोडा." कपाळावर घाम येतो, कट्टा सुटत नाही. मुलगी बोटं ओढत नाही. अंगठा बुडाशी धरून बाहेर काढते, तळवा हळूच वर फिरवते. बोटं सैलावतात.

"मी त रोज गेंद दाबायले देतो," मुलगा सांगतो.

"बंद करा. आवळणं त्यांना येतंच, सोडणं यायला हवं."

"बिडी कधी वळीन, बाई?" मावशी विचारतात. पान गुंडाळून टोक दुमडायचं तर एकेक बोट वेगळं चालायला हवं. मुलगी तारीख देत नाही. "आधी कट्टा सोडू, मावशी."

"मंग किती टक्के झालं जी?" मुलगा अडून बसतो.

"टक्के नाहीत, पायऱ्या आहेत, दादा. खांदा-कोपर तीन, पंजा तीन, पाय चार. लिहून ठेवा. आणि उठवताना या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो."