बाणाआधी आवाज पोचतो, बॉस!

विस्कॉन्सिनमध्ये प्रोजेक्टवर गेलात, की सप्टेंबरनंतर सोमवारच्या कॉफीला एकच विषय... हरीण! आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकारीला बंदी. तिथे मात्र लायसन्स काढून जातात आणि २०१४पासून क्रॉसबोचा वेगळा सीझनसुद्धा आहे.

ट्रिगर, स्कोप... दिसायला थेट बंदूकच. मग ६० यार्डांवरून नेम का नाही लागणार? लागतो की! फंडे सोपे आहेत. दोरी दोन्ही बाजूंनी सारखी ओढा. बाण एकाच वजनाचे घ्या. क्रॉसबो टेकवून धरा, कलू देऊ नका. शिकारीचं पातं लावूनही सराव करा, कारण साध्या टोकाचा बाण वेगळीकडे जाऊ शकतो. अंतर अंदाजानं नको, रेंजफाइंडरनं मोजा. आणि हो, अंगठा दोरीच्या वाटेत नको!

पण खरी गोची पुढेच आहे. सेकंदाला ४०० फूट वेगाच्या बाणालाही ६० यार्ड कापायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या आधीच पोचतो. दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. नेम अचूक, पण हरीण जागेवर नाही! बाण भलतीकडे घुसतो आणि जखमी जनावर जंगलात तडफडत राहतं.

म्हणून मुरलेले शिकारी फोमच्या टार्गेटवर ६० यार्डांचा सराव करतात. हरणावर बाण सोडतात तो ३०-४० यार्डांच्या आतच.

आणि हरीण ६०वरच थांबलं तर? मस्त बघायचं आणि घरी यायचं. सोमवारचा किस्सा जरा छोटा होईल, इतकंच!