सरोवरावरील शर्यतींचा आठवडा

महाविद्यालयांमधील क्रीडास्पर्धांचा इतिहास पाहू गेल्यास त्याच्या आरंभकाळातच नौका आढळते. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची पहिली नौकाशर्यत १८२९ साली झाली. अमेरिकेत दोन महाविद्यालयांमध्ये झालेला पहिला क्रीडासामना म्हणजे १८५२ सालची हार्वर्ड व येल यांची नौकाशर्यतच होय. थंड प्रदेशांतील महाविद्यालयांचे संघ हिवाळा संपताना स्कीच्या अंतिम स्पर्धेसाठी डोंगरावर एकत्र येतात. आपल्याकडे ती जागा पाण्याने घेतली आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा – आता ते विद्यापीठ झाले आहे – नदीकाठचा बोट क्लब व त्याचा वार्षिक रेगाटा मराठी वाचकांस परिचित आहे. मात्र या खेळाची भारतातील सर्वांत जुनी परंपरा कोलकात्यात आहे.

कलकत्ता रोइंग क्लबची स्थापना १८५८ साली झाली. आरंभी या खेळाचे क्षेत्र हुगळी नदी हेच होते. परंतु भरती-ओहोटीच्या आणि जहाजांची सतत ये-जा असलेल्या नदीवर हलकी शर्यती नौका चालविणे कठीण असते. १९२० नंतरच्या दशकात कलकत्ता सुधार मंडळाने शहराच्या दक्षिणेस ढाकुरिया येथे एक मोठा तलाव खोदविला. १९५८ साली त्यास ‘रवींद्र सरोवर’ असे नाव देण्यात आले. सुमारे ७३ एकर पाण्याचा हा विस्तार शहरातील नौकानयनाचे केंद्र ठरला. कलकत्ता रोइंग क्लब, लेक क्लब, बेंगॉल रोइंग क्लब आणि कलकत्ता विद्यापीठाचा रोइंग क्लब हे सर्व याच सरोवराच्या काठी आहेत. आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी लागणारा २,००० मीटरांचा सरळ मार्ग येथे बसत नाही. म्हणून येथील शर्यती कमी अंतराच्या असतात.

शर्यतीची नौका ही प्रवासी होडीहून अगदी निराळी असते. चार वल्हेकरी व एक सुकाणूधारक यांची नौका सुमारे १३ मीटर लांब असते, परंतु नियमानुसार तिचे किमान वजन अवघे ५१ किलोग्रॅम ठरविलेले आहे. म्हणजे ती पेलणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्या वजनापेक्षाही ती बहुधा हलकी असते! तिची रुंदी इतकी कमी असते की, केवळ वल्ह्यांच्या आधारानेच तिचा तोल राहतो. वल्हेकरी गतीच्या दिशेकडे पाठ करून बसतात. आसन चाकांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे जोर प्रामुख्याने दंडांचा नसून पायांचा लागतो. वल्हे पाण्यात उतरविणे, पाय ताठ करीत ते ओढणे, बाहेर काढणे आणि आसन सरकवून पुन्हा पूर्वस्थितीस येणे, असे हे चक्र आहे. चौघांपैकी एकाचे वल्हे क्षणभर जरी उशिरा उतरले, तरी नौका कलते व तिचा वेग मोडतो. पुढचे पाहणारा असतो तो सुकाणूधारक. तोच दिशा राखतो व लय सांगतो.

अखेरच्या स्पर्धेचा आठवडा म्हणजे रोज एक शर्यत, असे वाचकांस वाटेल. वस्तुतः त्यातील पाण्यावरचा काळ मिनिटांत मोजण्याजोगा असतो. पहिले एक-दोन दिवस नौकांची जुळणी, वल्ह्यांच्या आधारांची उंची व आसनांचे अंतर ठरविणे आणि मार्गाची ओळख करून घेणे यांत जातात. त्यानंतर सोडत निघते व प्राथमिक फेऱ्या सुरू होतात. अनेक स्पर्धांत प्राथमिक फेरीत मागे पडलेल्या संघास ‘रेपेशाज’ नावाची आणखी एक संधी देण्यात येते. या पद्धतीमुळे एका वाईट सुरुवातीने वर्षभराचे श्रम वाया जात नाहीत. मात्र या दुसऱ्या वाटेने अंतिम फेरी गाठणाऱ्या संघास एक शर्यत अधिक करावी लागते आणि विश्रांतीचा वेळ कमी पडतो. म्हणूनच कोणत्या फेरीत किती शक्ती खर्च करावी, हा हिशेब प्रशिक्षकास आठवडाभर मांडावा लागतो.

या हिशेबात कोलकात्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ती म्हणजे आकाश. मार्च ते मे या महिन्यांत छोटा नागपूरचे पठार तापते. बंगालच्या उपसागरावरील दमट वारे त्या बाजूस ओढले जातात व वरच्या कोरड्या हवेशी त्यांची गाठ पडते. यातून उठणाऱ्या गडगडाटी वादळांस बंगालमध्ये ‘कालबैशाखी’ म्हणतात. ही वादळे बहुधा दुपारनंतर वायव्येकडून येतात. शांत पाणी काही मिनिटांत खवळते. मोठ्या होडीस जी लाट जाणवणारही नाही, ती शर्यती नौकेत पाणी भरण्यास पुरेशी असते.

२१ मे २०२२ रोजी हेच घडले. आंतरशालेय रेगाटाचा सराव चालू असताना रवींद्र सरोवरावर वादळ आले, एक नौका उलटली आणि दोन शाळकरी मुले बुडून मरण पावली. सरोवराचे पाणी दूषित होऊ नये म्हणून इंधनावर चालणाऱ्या नौकांवर निर्बंध होते. त्यामुळे सराव करणाऱ्यांच्या मागोमाग वेगाने जाणारी बचाव-नौका नव्हती. सरोवराचे रक्षण आणि मुलांचे रक्षण ही दोन्ही रास्त उद्दिष्टे होती. पण त्यांचा मेळ आधी घातला गेला नव्हता. या दुर्घटनेनंतर नौकानयन काही काळ बंद ठेवण्यात आले व सुरक्षिततेची नियमावली तयार करूनच ते पुन्हा सुरू झाले.

यातून निघणारे धडे कोणत्याही महाविद्यालयीन संघास लागू पडतात. पाण्यावर उतरणाऱ्या प्रत्येकास पोहता आलेच पाहिजे. शर्यती नौका उलटली तरी ती तरंगत राहते. तिला सोडून पोहत काठाकडे निघण्यापेक्षा तिला धरून राहणे अधिक सुरक्षित असते. पायांचे जोडे नौकेस पक्के केलेले असतात, म्हणून पाय चटकन सुटावेत यासाठी त्यांच्या टाचांच्या दोऱ्या रोज तपासावयास हव्यात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हवामानाचा इशारा मिळताच सराव थांबविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे स्पष्टपणे असावा व त्या व्यक्तीचे लक्ष शर्यतीच्या निकालाकडे नसावे.

नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातून आलेल्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळविले. पाण्याच्या काठी न जन्मलेल्यासही हा खेळ खुला आहे, हे यावरून दिसते. तो तसा खुला राहावयाचा असेल, तर मुलाला सरोवरावर पाठविणाऱ्या आईवडिलांस ते निर्धास्तपणे करता आले पाहिजे. शर्यत पुढच्या आठवड्यातही घेता येते, एवढे भान आयोजकांनी राखले तरी त्यातले पुष्कळसे साधेल.